सुट्टीला निघण्याआधी अपघाताची तयारी केली होती, कुंभार्ली घाटात ती लागली

दिवाळीच्या सुट्टीत गुहागरला जायचं ठरलं तेव्हा हॉटेल, समुद्र, खायच्या जागा सगळं बघून झाल्यावर मी एक संध्याकाळ फक्त एवढ्यासाठी काढली की वाटेत गाडीला अपघात झाला तर आपण नक्की काय करणार. सासूबाईंना ते अजिबात आवडलं नाही. घरात असलं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं त्यांचं म्हणणं. पण सोबत चार वर्षांचा लेक, सत्तरीतले सासरे ज्यांची आदल्या वर्षीच अँजिओप्लास्टी झालेली, आणि रस्ता घाटाचा, त्यामुळे मी ऐकलं नाही.

माझ्या डोक्यात खरं तर एकच प्रश्न होता. गाडी चालवणारा माणूसच बोलू शकत नसेल तर बाकीच्यांना काय माहीत आहे? आमच्याकडे पॉलिसी नवऱ्याच्या ईमेलमध्ये, आरसी नवऱ्याच्या फोनमध्ये, त्या फोनला नवऱ्याच्या बोटाचं लॉक, आणि बाबांच्या गोळ्या आईंना फक्त रंगावरून माहीत, सकाळची पांढरी आणि रात्रीची गुलाबी. (आई-बाबा म्हणजे सासूसासरे, आता पुढे तसंच लिहिते.) म्हणजे तो एक माणूस गप्प झाला की गाडीतल्या चार जणांकडे काहीच नाही. बहुतेक घरांत हेच असतं हे मला नंतर मैत्रिणींशी बोलताना कळलं.

सुरुवात पॉलिसीपासून केली. आपण पॉलिसी रिन्यू करतो पण वाचत कोणी नाही, मी त्या दिवशी पीडीएफ उघडून पहिल्या पानापासून वाचली. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६, पण तो समोरच्याच्या नुकसानीसाठी, आपल्या गाडीच्या पत्र्याला त्यातून एक रुपया मिळत नाही, त्यासाठी ओन डॅमेज हवा. तो आमचा होता. पण नुसत्या ओन डॅमेजमध्ये सुटे भाग बदलले की घसारा कापतात, प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांना ५० टक्के, फायबरला ३०, काचेला काही नाही आणि लोखंडी भागांना गाडीच्या वयाप्रमाणे. आताच्या गाड्यांचं पुढचं तोंड म्हणजे सगळं प्लास्टिकच, बंपर, ग्रिल, लाइटचं घर, फेंडरच्या आतलं अस्तर, त्यामुळे झीरो डेप (घसारा कापू नये म्हणून घ्यायचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून पॉलिसीला जोडायचं संरक्षण) नसेल तर त्या भागांची अर्धी किंमत आपल्याच खिशातून जाते. आमच्याकडे झीरो डेप आहे हे बघून जीव भांड्यात पडला.

पण वाचता वाचता एक गोष्ट अशी सापडली की मी जागची उठलेच. गाडी माझ्या नावावर आहे आणि चालवतो नवरा. पॉलिसीत १५ लाखांचा जो वैयक्तिक अपघात विमा असतो तो 'ओनर-ड्रायव्हर'साठी असतो, म्हणजे जिच्या नावावर गाडी तिच्यासाठी, तिच्याकडे लायसन्स असेल तर. नवऱ्याला तो लागूच नाही! बाकी प्रवाशांसाठी वेगळं अ‍ॅड-ऑन असतं, काही शे रुपयांत मिळतं, आणि ते आम्ही कधी घेतलंच नव्हतं कारण रिन्यूअलच्या वेळी कोणी विचारतच नाही. मग निघण्याआधी नवऱ्याच्या नावाने स्वतंत्र पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी काढली. बायकोच्या नावावर गाडी असलेली अनेक घरं आहेत, रजिस्ट्रेशनच्या वेळी तसं करतात लोक, त्यांनी हे एकदा जरूर बघावं.

कागदपत्रांचं म्हणाल तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली आरसी आणि लायसन्स मूळ कागदाइतकीच धरतात, २०१८ पासून नियमातच आहे, पण घाटात रेंज नसते आणि फोन फुटू शकतो, म्हणून मी सगळ्याच्या झेरॉक्स काढून एका पारदर्शक फोल्डरमध्ये घातल्या, आरसी, पॉलिसीची पहिली दोन पानं, पीयूसी, दोघांची लायसन्स, सगळ्यांचे मेडिक्लेमचे कार्ड. त्याच्या पुढच्याच पानावर जाड मार्करने फोन नंबर. ११२, रुग्णवाहिकेचा १०८, राष्ट्रीय महामार्गावरचा १०३३, विमा कंपनीचा क्लेमचा आणि रोडसाइड असिस्टन्सचा. नंबर सगळ्यांना माहीत असतात, पण हात थरथरत असताना आठवत नाहीत.

बाबांचं कार्ड मात्र मी स्वतः बसून केलं, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. नाव, वय, रक्तगट, अँजिओप्लास्टीची तारीख, स्टेंट कुठल्या रक्तवाहिनीत आहे, डॉक्टरांचा नंबर, आणि मधोमध लाल पेनने 'रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल', खाली डोस. आईंनी गोळ्यांची पाकिटं एकेक करून पुढे केली आणि मी नावं उतरवून घेतली, त्या म्हणाल्या अगं ही गुलाबी तर कोलेस्टेरॉलची, मी इतके दिवस समजत होते हीच रक्ताची. कार्ड लॅमिनेट करून बाबांच्या शर्टाच्या खिशात, पाकिटात नाही, कारण पाकीट पडतं किंवा बॅगेत राहतं. फोटो माझ्या आणि आईंच्या फोनमध्ये. शिवाय सगळ्यांच्या फोनच्या लॉक स्क्रीनवरून दिसेल अशी इमर्जन्सी माहिती भरली, ही सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते आणि फार थोड्यांनी भरलेली असते.

गाडीतलं सामान. वॉर्निंगचा लाल त्रिकोण गाडी घेताना कंपनी देतेच, तसा नियम आहे, आमचा डिकीच्या तळाशी स्टेपनीखाली प्लास्टिकमध्ये जसाच्या तसा पॅक होता, तो काढून उघडून बघितला, पाय कसे फिरवायचे ते कळायलाच पाच मिनिटं गेली, ती पाच मिनिटं पार्किंगमध्ये गेली हे बरं झालं. टो हुक म्हणजे गाडी ओढायचा लोखंडी डोळा, तो बहुतेक गाड्यांमध्ये वेगळा ठेवलेला असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून फिरवून बसवावा लागतो, तेही करून पाहिलं. टॉर्च, गॉज, क्रेप बँडेज, पाणी, चमकणारं जॅकेट आणि बेल्ट कापायची छोटी कात्री ड्रायव्हरच्या दारात. फराळाचा स्टीलचा डबा आई नेहमी मागच्या काचेजवळच्या फळीवर ठेवतात, हाताशी असावा म्हणून, तो मी काढून डिकीत तळाला ठेवला. जोरात ब्रेक लागला तर तो भरलेला डबा नेमका मागे बसलेल्याच्या डोक्यावर येतो. बेल्ट मागच्यांनीही लावायचा यावर आईंशी थोडी कुरकुर झाली, साडीवर चुरगळतो म्हणून, पण २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा जो अपघात झाला तो त्यांच्या लक्षात होता, त्यात मागे बसलेल्यांनी बेल्ट लावले नव्हते, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पट्टा पोटावर न घेता खाली मांड्यांजवळ हाडावर घ्यायचा आणि पदर त्याच्या वरून सोडायचा, अशाने चुरगळतही नाही.

मग शेवटचं म्हणजे कोणी काय करायचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना गाडीत बसवून मी हे एकदा करून घेतलं. इंजिन बंद, चारही इंडिकेटर चालू, आधी प्रत्येकाला नावाने हाक मारून उत्तर घ्यायचं. नवऱ्याने त्रिकोण, मी फोन, आईंनी लेकाला धरायचं. नवरा उठू शकत नसेल तर त्रिकोण मी आणि फोन आईंनी. लेकाला सांगितलं की मोठा आवाज झाला तर बेल्ट आपण सोडायचा नाही, काचेला हात लावायचा नाही, आजीचा हात धरायचा. त्याला तो खेळ वाटला आणि त्याने तो आणखी दोनदा करायला लावला.

निघालो. सातारा, उंब्रजला वळून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. हेळवाकला चहा घेऊन कुंभार्ली घाट उतरायला लागलो. पाऊस नुकताच संपलेला, डोंगर अजून हिरवेगार, रस्ता कोरडा. नवरा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सावकाश उतरत होता. एका वळणावर समोरून भरलेला ट्रक रखडत वर येत होता आणि त्याच्या मागून एक रिकामा पिकअप ओव्हरटेक करायला बाहेर आला, थेट आमच्या बाजूला. नवऱ्याने ब्रेक मारून गाडी डावीकडे दाबली, तरी आमचा उजवा पुढचा कोपरा त्याच्या कोपऱ्यावर बसला.

दोन्ही एअरबॅग फुटल्या. फटाक्याच्या दारूसारखा वास आणि गाडीभर पांढरी पूड. हे मी आधी वाचलेलं होतं की एअरबॅग उघडली की अशी पूड उडते आणि ती म्हणजे आग नाही, त्यामुळे दार उघडून सैरावैरा पळायची वेळ आली नाही. नावं घेतली. लेक रडत होता म्हणजे ठीक. आई 'हो' म्हणाल्या. बाबा ड्रायव्हरच्या मागे होते, ते जरा थांबून म्हणाले मला काही झालं नाही. नवरा स्टीअरिंग धरूनच बसला होता आणि सारखं एकच, मी डावीकडेच होतो ना, मी डावीकडेच होतो ना. उजवं मनगट सुजायला लागलं होतं. तो काही करू शकणार नाही हे मला तेव्हाच कळलं, आणि खरं सांगते, पार्किंगमध्ये ठरवलेलं ते वाक्य, नवरा उठू शकत नसेल तर त्रिकोण मी, ते आपोआप पायात आलं.

वरच्या बाजूला वळणाच्या अलीकडे जाऊन त्रिकोण लावला. घाटात हे महत्त्वाचं, गाडीपासून पन्नास मीटर वगैरे आकडे सपाट रस्त्यासाठी ठीक, पण वळण असेल तर वळणाच्या अलीकडे लावायचा, नाहीतर मागून येणाऱ्याला त्रिकोण आणि गाडी एकदमच दिसतात. परत आले तर आईंनी सगळ्यांना डोंगराच्या बाजूला उभं केलेलं. रेंज दोघांच्याही सिमला नव्हती, तरीही ११२ लावला आणि लागला, कारण इमर्जन्सीचा कॉल जे नेटवर्क मिळेल त्यावरून जातो. तिकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, कुठे, किती जण, कोणी अडकलंय का, शुद्धीवर आहेत का. कुठे याचं उत्तर मी आधी उतरवून ठेवलेल्या ऑफलाइन नकाशावरून दिलं, जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ठिपका दिसत होता, त्याचे आकडे वाचून दाखवले आणि हेळवाककडून चिपळूणकडे उतरताना असं सांगितलं. १०८ त्यांनीच जोडून दिला.

मग बाबांकडे नीट बघितलं. उजव्या कानाच्या वर केसांत टेंगूळ आलेलं, थोडं रक्त. बाबा म्हणत होते की अगं काही नाही, काचेला लागलं जरासं, दवाखाना कशाला, गुहागरला जाऊन बर्फ लावू. दुसरं कोणी असतं तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला डोक्याला मार लागला तर वरून काही दिसलं नाही तरी आत हळूहळू रक्त साचू शकतं, आणि माणूस कित्येक तास बोलत चालत असतो. हे आम्हाला त्यांच्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या वेळीच सांगितलं होतं. मी म्हटलं, बाबा, डोक्याचं स्कॅन होईपर्यंत आपण कुठेही जात नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसले.

तोवर एक एसटी थांबली होती. कंडक्टर आणि काही प्रवासी उतरले, पाणी दिलं, कोणीतरी आतून ओरडलं चला रे, कशाला पोलिसांच्या भानगडीत पडता. मी त्या कंडक्टरना सांगितलं की मदत करणाऱ्याला आता कोणी त्रास देऊ शकत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात १३४-अ कलमच आहे, नाव सांगायची सुद्धा सक्ती नाही. ते म्हणाले, वहिनी, नाव घ्या की, मी बघितलंय सगळं. स्वतःहून नंबर दिला. भरलेल्या ट्रकचे ड्रायव्हरही थांबले होते, त्यांनीही दिला. हे दोन नंबर पुढे फार उपयोगी पडले.

पिकअपवाल्याला लागलं नव्हतं. तरुण मुलगा, घाबरलेला, त्याने मालकाला फोन लावायचा प्रयत्न केला, मग त्याच्या ओळखीचे दोघेजण बाइकवरून आले आणि मला म्हणायला लागले, ताई, काय ते इथेच मिटवून टाकू, दहा हजार घ्या, केस कशाला. आवाज चढवून नाही बोलले, समजुतीनेच बोलले. पण बाबांच्या डोक्याला लागलेलं असताना मिटवायचं काय? आत काय झालंय हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि जागेवर पैसे घेऊन लिहून दिलं की विमा कंपनी नंतर त्याच कागदावर बोट ठेवते. मी एवढंच म्हटलं, दादा, पोलीस आल्यावर बोलू, तुमच्यावर माझा राग नाही. आणि फोटो काढत राहिले. गाड्या हलवायच्या आधी दोन्ही एकत्र दिसतील असे चारही बाजूंनी, नंबर प्लेट, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, मधला पट्टा, काचेचे तुकडे कुठे पडलेत ते, पिकअपची आरसी, विमा, त्या मुलाचं लायसन्स. काचेचे तुकडे सगळे आमच्या बाजूला पडलेले होते, आणि पंचनाम्यात तेच उतरलं.

एकाने मधेच म्हटलं, गाडी स्टार्ट करून जरा बाजूला घेऊया. मी नको म्हटलं. पुढून मार लागलेला असताना खाली हिरवं पाणी टपकत होतं, म्हणजे रेडिएटर फुटलेला, अशा वेळी इंजिन चालू केलं तर ते जॅम होऊ शकतं आणि ते नुकसान अपघाताचं नाही, तुम्ही नंतर केलेलं, असं म्हणून क्लेममधून वगळतात. न्यूट्रलला टाकून चारजणांनी ढकलली.

रुग्णवाहिका खालून आली. बाबा, नवरा, आई आणि लेक असे चौघं तिच्यातून चिपळूणला गेले आणि मी गाडीजवळ थांबले. पोलीस येईपर्यंत शिरगावचे एक काका त्यांची रिक्षा बाजूला लावून माझ्यासोबत थांबले. धंद्याचा वेळ होता त्यांचा. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

चिपळूणच्या हॉस्पिटलमध्ये काय झालं ते आईंनी नंतर सांगितलं. ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीने पहिला प्रश्न विचारला, काही गोळ्या चालू आहेत का. आई काही बोलायच्या आत बाबांनी खिशातून कार्ड काढून दिलं. तिने लाल अक्षरं वाचली आणि रांग सोडून त्यांना आधी सीटी स्कॅनला घेतलं. स्कॅन स्वच्छ आला. तरी रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, दर थोड्या वेळाने उठवून नाव, वार विचारणं, डोळ्यांच्या बाहुल्या तपासणं, आणि सकाळी पुन्हा स्कॅन केला, कारण अशा पेशंटमध्ये रक्तस्राव उशिरा दिसू शकतो. तोही ठीक. नवऱ्याच्या मनगटाला बारीक फ्रॅक्चर, प्लास्टर. अपघाताची केस म्हणून हॉस्पिटलने एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) नोंदवली, त्याचा नंबर मी लिहून घेतला, पोलिसांत आणि विम्यात दोन्हीकडे तो मागतात. खर्च मेडिक्लेमवर झाला. तसा सगळ्यांना ठाऊक असावा असा एक भाग म्हणजे मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू झाली आहे, अपघातापासून सात दिवसांपर्यंत आणि माणशी दीड लाखापर्यंत, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये. मेडिक्लेम नसणाऱ्यांनी कॅज्युअल्टीतच विचारायचं की तुम्ही त्या योजनेत आहात का.

पोलिसांचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा शांतपणे झालं. घटनास्थळी पंचनामा, दोन पंच, रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा, कुठली गाडी कुठून येत होती बाणांनी दाखवलेली. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये त्यांनी जागेवरूनच माहिती आणि फोटो भरले. ठाण्यात माझा जबाब. टाइप झाल्यावर मी पूर्ण वाचला, त्यात 'समोरासमोर धडक' एवढंच होतं, मी विनंती केली की पिकअप ओव्हरटेक करताना आमच्या बाजूला आला हे लिहा, लिहिलं. सही करण्याआधी वाचणं हा आपला हक्क आहे आणि कोणी घाई करत नाही. गुन्हा भारतीय न्याय संहितेखाली नोंदवला, बेदरकारपणे वाहन चालवणं आणि दुखापत. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची.

जे मला आधी माहीत नव्हतं ते असं की दुखापतीची केस असली की गाडी लगेच गॅरेजला नेता येत नाही. आमची गाडी ठाण्याच्या आवारात गेली, आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने येऊन ब्रेक, स्टीअरिंग, टायर तपासले, अपघात यांत्रिक दोषाने झाला नाही असा रिपोर्ट दिला, मग ताबा पावतीवर सही करून गाडी सुटली. यात वेळ जातो, सुट्टीचा हिशोब त्याप्रमाणे धरायचा.

क्रेनवाल्याने हुक लावून ओढून नेतो म्हटलं, मी सपाट प्लॅटफॉर्मची गाडी मागवली कारण पुढचं उजवं चाक वाकडं झालेलं. पावती पक्की घेतली. साध्या पॉलिसीत टोइंगचे जास्तीत जास्त १५०० रुपयेच मिळतात, बाकीचे रोडसाइड असिस्टन्सच्या अ‍ॅड-ऑनमधून मागितले.

क्लेम मी त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावरून नोंदवला होता. सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत गॅरेजला काहीही खोलू द्यायचं नाही, हे गॅरेजवाल्यांना मी तीनदा सांगितलं कारण त्यांना बंपर काढून बघायची घाई. एअरबॅग फुटल्या की नुसत्या बॅगा बदलून भागत नाही, सेन्सरचं युनिट, स्टीअरिंगमधली कॉइल, डॅशबोर्ड, पुढच्या बेल्टचे ताण देणारे भाग, सगळं नवीन. एस्टिमेट बघून मी खुर्चीत बसले. दुरुस्ती आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेली तर गाडी टोटल लॉस धरतात, आमची त्याच्या आत राहिली. झीरो डेप असल्यामुळे आमच्या खिशातून क्लेममध्ये मालकाने स्वतः भरायचे सक्तीचे १००० रुपये, थोडंफार ऑइल-कूलंट असले खर्च, आणि लेकाची चाइल्ड सीट. अपघात सोसलेली चाइल्ड सीट वरून धड दिसली तरी पुन्हा वापरायची नसते, आत तडा गेलेला असू शकतो. ती विम्यात बसली नाही, नवीन घेतली. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला, ५० टक्क्यांवरून शून्य, चूक समोरच्याची असली तरी आपल्या पॉलिसीवर क्लेम केला की जातोच. हे मला पटत नाही, अजिबात पटत नाही, पण नियम तसा आहे आणि बोनस वाचवायचं वेगळं अ‍ॅड-ऑन असतं, ते या रिन्यूअलला घेतलं.

गुहागर राहिलंच. बाबांना डिस्चार्ज मिळाल्यावर भाड्याच्या गाडीने पुण्याला आलो. लेक त्या गाडीत बसायला तयार होईना. त्याला काही झालं नाही, काही झालं नाही असं म्हणत बसण्यापेक्षा मी सरळ सांगितलं की दुसऱ्या गाडीने आपल्याला धडक दिली, बेल्टने तुला धरून ठेवलं, आजोबांच्या डोक्याला लागलं होतं, आता ते बरे आहेत. त्याने बाबांचं टेंगूळ हात लावून बघितलं, मग बसला. घरी आल्यावर बरेच दिवस तो खेळण्यातल्या गाड्यांना त्रिकोण लावत होता, कागदाचा.

आता फोल्डरमध्ये थोडे बदल केलेत. बाबांच्या कार्डावर शेवटची गोळी कधी घेतली हे लिहायला जागा ठेवली आहे, डॉक्टरांनी ते विचारलं होतं आणि आईंना आठवायला वेळ लागला. तसंच कार्ड आईंचंही केलं, त्यांना रक्तदाब आहे. मी वेगळ्या कंपनीचं दुसरं सिम घेतलं. पाच-सहा हजार रोख फोल्डरच्या मागच्या कप्प्यात असतात, क्रेनवाल्याकडे आणि घाटाखालच्या मेडिकलमध्ये रेंजअभावी ऑनलाइन पैसे जात नव्हते. सोसायटीतल्या चार घरांनी माझ्याकडून कार्डाचा नमुना नेला. त्यातल्या एका आजोबांच्या गोळ्या लिहिताना त्यांच्या सुनेला कळलं की ते एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी घेत होते, डॉक्टरांना दाखवून एक बंद झालं.

कोर्टातली केस चालू आहे, साक्षीला बोलावतील तेव्हा जाणार. कंडक्टर काकांशी मध्ये फोन झाला, ते म्हणाले, वहिनी, तारीख कळवा, मी रजा टाकून येतो.